टिचकी मारायची नाही

म्हाताऱ्याच्या दंडावरचा रबरी पट्टा तिनं सोडला, सुई अलगद बाहेर काढली, कापसाचा बोळा दाबला आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तू हात अजिबात हलवला नाहीस. मला फार आवडलं ते." आणि तिचा अंगठा ॲप्रनच्या खिशात गेला. खिशात फोन नव्हताच. कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवायचा, हा लॅबचा नियम. अंगठा नुसताच खिशाच्या शिवणीवर दाबला गेला आणि तिथंच थांबला, भलत्याच मजल्यावर उतरलेल्या माणसासारखा. तेव्हा कुठं तिला कळलं, आपण काय बोललो ते. समोर बसलेला माणूस तिच्या वडिलांच्या वयाचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असल्यामुळे दर आठवड्याला यायचा, आणि एकदाही सरळ तोंडानं बोलायचा नाही. खुर्ची डगमगते, पंखा अंगावर येतो, मागच्या खेपेला काळंनिळं झालं होतं, तुम्हाला शिकवलं कुणी. लॅबमध्ये सगळे त्याला कडक आजोबा म्हणायचे आणि तो दारात दिसला की जो तो दुसऱ्याला पुढं करायचा. आता आपली काही खैर नाही, असं मनाशी म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, जणू तो हात कुणी आत्ताच आणून त्याच्या मांडीवर ठेवला होता. "मला म्हणालात का ताई?"

"माफ करा हं. घरी लहान मुलगी आहे. तोंडात बसलंय ते वाक्य."

"नाही, नाही. हलवला नव्हता खरा." त्यानं बाही खाली ओढली, बटण लावलं, चुकीच्या काजात लागलं, परत काढून लावलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं ते लपवायचा प्रयत्न केला, पण म्हाताऱ्या माणसांना ते पटकन जमत नाही. दारापाशी जाऊन तो वळला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्हीच असाल ना?" झालं. तो गेल्यावर शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण पोट धरधरून हसली. दुपारपर्यंत सगळ्या लॅबला तो एकच उद्योग होता. मला पण म्हण की गं, तू नळ्या ओळीत लावल्यास, मला फार आवडलं. साहेबांना म्हण, तू आज वेळेवर आलास. तीही हसली. जिथं हसायचं असतं तिथं तिला बरोबर हसता यायचं. पण हसता हसता ती आत चाचपून बघत होती. त्या माणसाचे डोळे भरून आले, आणि आपल्याला काय वाटलं? काही नाही. वाक्य अख्खंच्या अख्खं, कोमट, नळातून आल्यासारखं बाहेर आलं होतं आणि ती त्यात कुठंच नव्हती. बरं, ते एक असो, परका माणूस. पण घरी? घरी तरी ती असायची का त्या वाक्यात? हा प्रश्न तिला असा भर दुपारी, जांभळ्या बुचाच्या नळ्या हलवता हलवता पडला आणि मग तो काही केल्या हलेना.

वाक्य क्लिनिकमधलं होतं. तिच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिला चिकटलं तेव्हा कुणाला एडीएचडी वगैरे शब्द माहीत नव्हते. पोरीचं बूड म्हणून कुठं टेकत नाही, एवढंच माहीत होतं. जेवता जेवता उठायची, उठता उठता काहीतरी सांडायची, सांडलेलं पुसायला फडकं आणायला जायची आणि फडकं हातात घेऊन गॅलरीत मुंग्या बघत बसायची. शाळेतून रोज काही ना काही निरोप. मग क्लिनिक, तपासण्या, आणि तिथल्या बाईंनी दिलेला खेळ. टॅबलेटवर एक भिंत होती आणि भिंतीवर पाठीवर घर घेतलेली गोगलगाय. तिला पलीकडच्या टोकाला न्यायचं. पण वाटेत काहीही खुट्ट झालं की गोगलगाय अंग चोरून शंखात जायची, आणि मग टिचकी मारायची नाही. मारलीत तर ती आणखी आत जाते. तळहात मांडीखाली घालून बसायचं, मनातल्या मनात मोजायचं, आणि ती आपणहून बाहेर येईपर्यंत वाट बघायची. पहिल्या दिवशी भिंगरीनं त्या गोगलगाईला इतक्या टिचक्या मारल्या की बिचारी कायमची आत गेली आणि खेळ संपला. भिंगरीनं टॅबलेट सोफ्याखाली फेकला. आज तीच पोर तळहात मांडीखाली घालून, पाय हलवत, ओठ हलवत बसू शकत होती, आणि गोगलगाय भिंतीच्या टोकाला पोचली की तिच्या माळेत एक मणी पडायचा, टिंग करून. घरातल्या कामांचेही मणी होते. बूट जागेवर ठेवले, मणी. दप्तर भरलं, मणी. कुणाचं बोलणं मधे तोडलं नाही, मणी. ते मणी आईच्या फोनवरून द्यायचे.

आणि आईसाठी झाड. "मुलांना सवय लावणं सोपं असतं," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "खरी सवय लावावी लागते ती आईबाबांना." म्हणून तिच्या फोनमध्ये एक झाड होतं. मुलीचं कौतुक केलं की बटण दाबायचं, झाडाला एक पान यायचं. विसरलं की पानं पिवळी पडायची. कौतुक कसं करायचं तेही ठरलेलं. नुसतं शाब्बास म्हणायचं नाही. काय केलं ते सांगायचं, लगेच सांगायचं, डोळ्यांत बघून सांगायचं. तू बूट जागेवर ठेवलेस, मला आवडलं. तू वाट पाहिलीस, मला आवडलं. पहिले काही दिवस तिला हे बोलताना स्वतःचंच हसू यायचं, परक्या घरी परक्यासारखं बोलल्यासारखं. नवरा तर चेकाळायचाच. "सरकार, मी कचरा टाकून आलो, मला मणी?" तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसभर अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून आल्यावर त्याला मोठ्यानं बोलायला लागायचं. तो भिंगरीवर ओरडायचा, तिला उचलून घ्यायचा, तिच्या पोटात तोंड खुपसून फुर्र करायचा, मग परत ओरडायचा, आणि यातल्या कशासाठीही त्यानं कधी कुठलं बटण दाबलं नाही. त्याला बटण लागायचंच नाही. ती कट्ट्याला टेकून हे बघत राहायची आणि तिला त्याचा हेवा वाटायचा. म्हणजे हेवा वाटायला हवा, असं वाटायचं.

नेमकं कधीपासून हे असं, हे तिला माहीत होतं. झाड त्यानंतर आलं. त्या दिवशी शाळा सुटली होती, ती फाटकाशी पाण्याची बाटली घेऊन उभी होती, आणि भिंगरी आतून आली ती थांबलीच नाही. पलीकडच्या फुटपाथवर कुणाचं तरी कुत्रं होतं. पोर सरळ रस्त्यात. टेम्पोचे ब्रेक इतके कर्कश वाजले की सगळा रस्ता वळून बघायला लागला. काही झालं नाही. टेम्पो तिच्यापासून इतका जवळ थांबला होता की तिनं त्याच्या बंपरवर हात टेकला, आणि ती हसत होती. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता आणि स्वतःच थरथरत होता. ही पुढं गेली, हिनं मुलीचा हात धरला, ड्रायव्हरला माफ करा म्हणाली, घरी आली, अंडी उकडली, गृहपाठ घेतला. कपडे वाळत टाकताना तिला वाटलं, आता रडू येईल. तिनं एक चादर हातात धरून बराच वेळ वाट पाहिली. आलं नाही. नंतर येईल म्हणून तिनं चादर वाळत टाकली. नंतरही आलं नाही, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचंही एकेक येईनासं झालं. राग येईना, लाड येईनात, पोरगी गळ्यात पडली की तिचं वजन तेवढं कळायचं. नवऱ्याला तिनं ती गोष्ट एका ओळीत सांगितली होती, आज जरा पळाली रस्त्यात, म्हणून. तो पोरीवर इतका ओरडला आणि नंतर न्हाणीघरात जाऊन इतका वेळ तोंड धूत बसला की तिनं पुढचं सांगितलंच नाही.

तसं तिला लहानपणापासून कुठंतरी निघून जायची खोड होतीच. भिंगरीचं अंग पळायचं, हिचं मन. शिवणाच्या मशीनवर बसलेली तिची आई दिवसातून शंभरदा म्हणायची, "लक्ष कुठं आहे तुझं?" इतक्या वेळा, की ते जवळजवळ तिचं नावच झालं होतं. लक्ष असायचं खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगणाऱ्या धाग्यांवर, कात्रीच्या आवाजावर, किंवा कशावरच नाही. दूध उतू जायचं, परीक्षेचा पेपर अर्धा कोरा राहायचा. वेंधळी, एवढाच शब्द होता तेव्हा. ते मन ठिकाणावर आलं फक्त रक्त घ्यायला शिकताना. शिकवणारे सर म्हणायचे, नस डोळ्यांनी शोधू नका, डोळे फसवतात. बोट ठेवा, दाबा, सोडा. जे परत वर येतं ती नस. तिनं बोट ठेवलं, दाबलं, सोडलं, आणि बोटाखाली ते उसळून वर आलं तशी ती सबंधच्या सबंध त्या बोटाच्या टोकावर येऊन थांबली. आजवर तिथं तरी ती होती. आज म्हाताऱ्याच्या हातावर बोट ठेवताना ती तिथं होती का, हे तिला आठवेना.

शाळा सुटल्यावर ती भिंगरीला घेऊन क्लिनिकला गेली. दर महिन्याची भेट होती. रस्ताभर भिंगरी बोलत होती. वर्गात एकीचा दात पडला आणि तो तिनं गिळला, मग तो पोटात चावतो का, बाईंना माहीत नाही, बाबाला विचारू, बाबाला माहीत असेल. फूटपाथच्या कडेवरून ती तोल सांभाळत चालत होती, पण आईचा हात धरून. चौकात ती आपण होऊन थांबली. दिवा बदलेपर्यंत थांबली, पाय नाचवत, पण थांबली. "तू दिव्यासाठी थांबलीस," तिनं वाक्य सुरू केलं, आणि तिला म्हाताऱ्याचं चुकीच्या काजात लागलेलं बटण आठवलं. वाक्य तोंडातच राहिलं. भिंगरीनं मान वर करून पाहिलं, आईच्या तोंडाकडे, मग आईच्या खिशाकडे. दिवा बदलला. भिंगरी रस्ता ओलांडून गेली.

क्लिनिकमधल्या बाई आज खुशीत होत्या. भिंगरीला त्यांनी पलीकडच्या खोलीत खेळायला बसवलं, दार अर्धवट उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, "फारच छान. शाळेनंही तसंच कळवलंय. आता आपण मणी कमी करत नेऊ. आधी घरच्या कामांचे बंद, मग हळूहळू सगळेच."

"बंद?"

"बंद करायलाच तर दिलेले असतात. कुबडी असते ती. पायात जोर आला की कोपऱ्यात ठेवून द्यायची."

"आणि ती परत पहिल्यासारखी वागायला लागली तर?"

"लागेल की थोडीफार. मुलंच ती. तेव्हा तुम्ही आहात ना."

तुम्ही आहात ना. तिनं खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर वेगवेगळ्या तोंडांची चित्रं होती, हसरं, रागावलेलं, घाबरलेलं, प्रत्येकाखाली त्याचं नाव, मुलांना ओळखता यावीत म्हणून. एक तोंड नुसतंच होतं, डोळे, नाक, सरळ रेघेचं तोंड, आणि त्याच्या खालचा कागद निघून आला होता. पलीकडच्या खोलीतून टिंग असा आवाज आला. कुठंतरी एक गोगलगाय भिंतीच्या टोकाला पोचली होती. "आणि माझी पानं?" तिनं विचारलं.

बाई हसल्या. "ती खेळाबरोबर आपोआप संपतात. तुम्हाला कशाला हवीत आता? अहो, बाकीच्या पालकांची झाडं बघा एकदा, सगळी बोडकी. तुमचं झाड मी लोकांना उदाहरण म्हणून दाखवते. इतकं नियमित कौतुक करणारी आई मी पाहिली नाही."

तिच्या पोटात गार पडलं. आज दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी पडलं, म्हणून ती त्याच्याकडे थोडी कुतूहलानं बघत राहिली. भीती होती ती, साधी. मणी गेले, पानं गेली, की मग ह्या मुलीशी आपण काय बोलणार? सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या माझ्यामधे जे काही होतं ते त्या टिंगवर चालत होतं. ते थांबलं की दोघी एका खोलीत समोरासमोर, आणि माझ्याकडे काही नाही. पोरीच्या लक्षात यायला किती वेळ लागेल? चार दिवस? तिला सांगावंसं वाटलं, बाई, मला काही वाटत नाही हो. माझी मुलगी आहे, मला ठाऊक आहे की ती गोड आहे, जसं हे टेबल लाकडाचं आहे हे ठाऊक असतं तसं. पण असं कुणाला सांगतात का? ती म्हणाली, "एक विचारू? कौतुक करताना, करणाऱ्याला काही वाटायला लागतं का? म्हणजे नुसतं नीट बोललं तर चालतं?"

"म्हणजे कसं?"

"काही नाही. असंच."

बाईंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मुलांकडे बघतात तसं नव्हे, नीट. "तुम्ही थकला आहात का? एकदा एकट्याच या बोलायला. मुलीला न घेता."

"येईन," ती म्हणाली, आणि भिंगरीला हाक मारली.

इमारतीची लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्याच घरची लिफ्ट बंद, यावर शेजारीपाजारी हसून हसून दमले होते आणि नवरा ज्याला त्याला सांगत सुटला होता की ती लिफ्ट आमच्या कंपनीची नाही हो. भिंगरी दोन दोन पायऱ्या उड्या मारत वर गेली, वरून ओरडली, परत खाली आली, परत वर गेली. ती मागून एकेक पायरी चढत होती. जिन्याच्या वळणावर एक लांबोळकी खिडकी होती, तिच्या काचेवर जुन्या स्टिकरचा चिकटा, आणि त्यातून येणारा संध्याकाळचा मळकट उजेड पायऱ्यांवर पडला होता. तिथं तिचे पाय थांबले. दमली नव्हती, नुसते थांबले. ती पायरीवर बसली, मांडीवर पिशवी घेऊन. घरातही असं व्हायचं हल्ली. भांडी घासता घासता हात थांबायचे, नळ वाहत राहायचा, आणि भानावर यायची तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भिंगरी बसलेली असायची, तळहात मांडीखाली, पाय हलताहेत, ओठ हलताहेत. पाढे म्हणत असेल, असं तिला वाटायचं. आपल्याच नादात असते पोर, आपल्यावर गेलीय, असं वाटून ती नळ बंद करायची.

फोन थरथरला. तिनं तो काढून पाहिला. आज अजून एकही पान आलेलं नाही, असं लिहून आलं होतं, आणि झाडाचं एक टोक पिवळं पडायला लागलं होतं. वरून धपधप पावलं आली, आणि तिच्या खांद्यावरून भिंगरीचं डोकं पुढं आलं, धापा टाकत.

"पिवळं झालं?"

"तुला काय माहीत गं हे?"

"मला कधीपासून माहितीय. बाबाला फोन लावायला घेतला होता ना, तेव्हा बघितलं. तुझं झाड." ती येऊन त्याच पायरीवर टेकली, दोन बोटं जागा सोडून. "म्हणून तर मी बूट नीट ठेवते. दप्तर पण. पिवळं दिसलं की जास्त करते."

"मण्यांसाठी करतेस ना?"

"आधी मण्यांसाठीच करायचे. आता माझी माळ केवढी झालीय, मला नकोत. तुझी पानं पडतात ना." तिनं बुटाच्या टाचेनं पायरीवर ठकठक केलं. मग थांबली. "आई, मणी बंद करणारेत ना? मी ऐकलं दारातून. मग झाड पण जाणार?"

"हो."

"मग तू कशी बाहेर येणार?"

"कुठून बाहेर?"

भिंगरीनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एवढं साधं कसं कळत नाही बाई मोठ्या माणसांना. "आत जातेस ना तू. नळ चालू ठेवून. चौकात पण गेलीस आज. गोगलगाईसारखी. मी हाक नाही मारत. टिचकी मारायची नाही, मारली की आणखी आत जाते. मी मोजत बसते. कधी कधी खूप मोजायला लागतं," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "माझे हात दुखतात."

तिनं फोन पिशवीत ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. तू वाट पाहिलीस, मला आवडलं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, आणि ते तिला उच्चारवेना. या पोरीनं, जिला मुंगीसुद्धा जाग्यावर बसू देत नाही तिनं, कितीतरी संध्याकाळी उंबऱ्यात बसून हात दाबून धरले होते, आणि त्याचं एकही पान कुठं उगवलं नव्हतं. तिला वाटलं आता रडू येईल. ते नाही आलं. पण तिचे गुडघे थरथरायला लागले. आधी एक, मग दुसरा. मांडीवरची पिशवी थडथडायला लागली, तिनं ती दोन्ही हातांनी धरली तर हातही तसेच. कानात टेम्पोचे ब्रेक वाजले. बंपरवर टेकलेला तो एवढासा हात तिला दिसला, त्याच्या नखांतली माती दिसली, आणि टेम्पो आणि पोर यांच्यामधे उरलेली ती जागा, जिच्यात जेमतेम एक फाटका श्वास मावला असता. गेली असती. माझ्या डोळ्यांदेखत गेली असती. तेव्हा यायची ती भीती आत्ता, जिन्यात, बुटांच्या नि फिनाइलच्या वासात आली, आणि तिचे दात दातांवर आपटायला लागले. तिनं चाचपडत शेजारी हात नेला. भिंगरीचे तळहात मांडीखाली होते. म्हणून तिनं तिच्या कोपराच्या खोबणीत बोट ठेवलं, जिथं ती रोज परक्या माणसांच्या हातावर ठेवायची. दाबलं, सोडलं. ते परत वर आलं. परत दाबलं. परत आलं, गरम, घाईघाईचं, अख्ख्या पोरीसारखंच.

भिंगरीचे पाय हलत होते. ओठही हलत होते. बऱ्याच वेळानं तिनं वाकून खालून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आलीस?"

"येतेय," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचाच ओळखू आला नाही. "जरा थांब. येतेय."

"बरं," भिंगरी म्हणाली, आणि हात आणखी आत सरकवून तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. "सावकाश ये."